लिटरभर पाण्याचा बॉयलर

बॉयलरच्या दाबाचा काटा १३० पौंडांवर होता. हातपंपाचा दांडा सोडून मी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. तो १२८ वर आला, मग १२५ वर. टॉर्च लावून फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटवायच्या पेटीच्या, आत डोकावलो. डाव्या अंगाला, खालून दुसऱ्या ओळीत, एका स्टेच्या, म्हणजे बॉयलरच्या भिंती एकमेकींना धरून ठेवणाऱ्या दांडीच्या, डोक्याभोवती पाण्याचा थेंब धरला होता. मोहरीएवढा. काडीला चिंधी गुंडाळून टिपून घेतला. दहा-बारा सेकंदांत पुन्हा तिथंच आला.

दीड वर्ष खपून केलेला बॉयलर होता तो. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत माझं वर्कशॉप आहे. साडेचार फुटी जुनी लेथ, एक ड्रिल मशीन, दोन व्हाइस आणि एक भक्कम टेबल. तिथं मी साडेतीन इंच गेजचं वाफेचं इंजिन करतोय. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ८९ मिलिमीटर. शोभेचं नाही. कोळशावर चालणारं, स्वतःची वाफ स्वतः करणारं, माणूस ओढणारं. लहानपणी कोल्हापूर स्टेशनात मिरजेची मीटर गेजची गाडी बघायला वडिलांचा हात धरून जायचो. १८९१ साली सुरू झालेली ती लाइन मी शाळेत असतानाच मोठी झाली आणि ती छोटी काळी इंजिनं गेली. तेव्हापासून मनात होतं.

नोकरी मात्र वाफेचीच लागली. २८ वर्षं एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. आमच्याकडे हंगाम उसाच्या पहिल्या मोळीच्या आधी सुरू होतो, बॉयलर अग्निप्रदीपनाला. पूजा, नारळ, चेअरमनसाहेबांच्या हातची मशाल, आणि मग बगॅसनं, उसाच्या चिपाडानं, धरलेली पहिली आग. पण आम्हा बॉयलरवाल्यांचा खरा दिवस त्याच्या आधीचा, निरीक्षक येण्याचा. पाण्यानं गच्च भरलेल्या बॉयलरवर दाब चढवायचा आणि धरून ठेवायचा. एक साहेब यायचे, ते छोटी हातोडी घेऊन नळ्या वाजवत जायचे. कान तिरका करून. घाई कधी केली नाही त्यांनी. त्यांनी सही केली की आमच्या डोक्यावरचं ओझं उतरायचं, कारण दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं असायचं.

माझ्या बॉयलरला ते साहेब येणार नव्हते. पंचवीस लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या बॉयलरला कायद्याची तपासणी नाही. माझ्यात पाणी बसतं लिटरभर. करणारा मी, तपासणारा मी, सही करणाराही मीच. आणि लिटरभर म्हणून ते खेळणं नव्हे. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला ती सोळाशेपट जागा मागते. दर चौरस इंचाला ऐंशी पौंड दाब असताना आतलं पाणी १६२ अंशांवर असतं आणि तरी पाणीच राहतं, कारण भोवतीचं तांबं त्याला दाबून धरतं. ते तांबं सुटलं तर पाणी क्षणात वाफ होतं. ज्याच्या अंगणातली पोरं पुढ्यात बसून इंजिनाकडे वाकून बघणार, त्यानं हे विसरून चालत नाही.

म्हणून पहिली चाचणी थंड पाण्यानं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी एक पिचकारी उडते आणि दाब संपतो. हवा अडकली तर मात्र ती स्प्रिंगसारखी ताकद साठवून ठेवते, म्हणून बॉयलर तिरका-उलटा करून एकेक बुडबुडा बाहेर काढला होता. हे छोटे बॉयलर करणाऱ्यांचा रिवाज असा की नवा बॉयलर चालू दाबाच्या दुप्पट दाबावर टिकला पाहिजे. माझा चालू दाब ८०. म्हणजे १६०. आणि मी १३० वरच अडकलो होतो.

पुतण्या शेजारी उभा होता. उद्यमनगरात त्याचं जॉबवर्कचं शॉप आहे, इंजिनाची चाकं त्यानंच टर्न करून दिली.

"काका, चालतंय की. ऐंशीलाच चालवायचंय न्हवं? वरनं कथील फासू, थेंब बंद."

कथील खरंच थेंब बंद करतं. पण फायरबॉक्सच्या आतल्या बाजूला थेट आग असते. भिंतीपलीकडे पाणी आहे तोवर तांबं फार तापत नाही. एखाद्या दिवशी पाण्याची पातळी खाली गेली, की त्या भिंतीला थंड करणारं कुणी उरत नाही आणि कथील वितळून गळून पडतं. नेमकं ज्या घडीला स्टेनं धरून ठेवायचं, त्याच घडीला. आणि दुसरं असं, की एका स्टेला जोडाची चांदी नीट पोचली नाही तर शेजारच्या स्टेला पोचली असेल हे मी कशावरून म्हणायचं? थेंब एकाच ठिकाणी दिसला, शंका सोळा ठिकाणी होती.

पुतण्याला म्हटलं, "न्हाई. हे परत तापवायचं."

बोललो खरं, पण छातीत धस्स झालं होतं. बॉयलरचे सगळे जोड चांदीच्या डाखाचे, म्हणजे चांदीचा मिश्रधातू वितळवून सांधलेले. एक जोड दुरुस्त करायला तापवलेलं तांबं उष्णता सगळीकडे पसरवतं, आणि शेजारचे चांगले जोड पुन्हा वितळायची भीती. सगळ्या नळ्या, सगळे स्टे, दीड वर्ष.

दुसऱ्या दिवशी बॉयलर गोणपाटात गुंडाळला, गाडीच्या फूटबोर्डवर ठेवला आणि हुपरी गाठली. हुपरीत माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान आहेत. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. आयुष्यभर चांदीचे पैंजण केलेत. दुकानात नव्हे, घरच्या ओसरीवर, मांडी घालून.

आप्पांनी बॉयलर मांडीवर घेतला, पोराला घेतात तसा. चष्मा वर केला, तो स्टे नखानं खरवडला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पाव्हणं, तुमी चांदी तापवलीसा. तांबं न्हाई तापवलंसा."

मग त्यांनी एक घुंगरू घेतलं. त्याच्या कडीजवळ टाकणखार (बोरॅक्स) लावला, डाखाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा ठेवला आणि फुंकणीतली ज्योत लांबून फिरवायला लागले. डाखाला ज्योत लागूच दिली नाही. घुंगरू आधी लाल व्हायला लागलं. मग तो तुकडा एकदम हलला, बसला आणि सांधीत पळून दिसेनासा झाला.

"चांदी आगीच्या मागं जाती. जिकडं जास्त ऊब, तिकडं पळती. तुमी वरनंच आग दिलीसा, चांदी वर फुगून बसली. आत गेलीच न्हाई."

माझी चूक मला तिथं दिसली. माझा बर्नर एका अंगाला होता. बॉयलरचं तांबं उष्णता ओढून दुसरीकडे नेत होतं, आणि मी कंटाळून ज्योत थेट चांदीच्या तारेवरच धरली होती. चांदी वितळली म्हणून मला वाटलं जोड झाला. वरून डोकं चकचकीत दिसत होतं. आत कोरडं.

मी आणलेल्या जुन्या तारा बघून आप्पांनी त्या बाजूला सारल्या. त्यात कॅडमियम होतं. सोनं घेणाऱ्या प्रत्येकाला केडीएम हा शब्द ठाऊक असतो, ते हेच. त्यानं डाख लवकर वितळतो, पण त्याचा धूर फुप्फुसांचा घात करतो. बंद पडवीत तर नकोच. कॅडमियम नसलेली, ५५ टक्के चांदीची तार घ्यायचं ठरलं. ती साधारण ६३० ते ६६० अंशांत वितळते. आप्पांनी एक दिलासाही दिला. एकदा वितळलेल्या डाखात तांबं मुरतं, म्हणून जुना जोड पुन्हा सुटायला थोडी जास्तच उष्णता मागतो. हात आखडता ठेवला तर बाकीचे टिकतील.

रात्रभर बॉयलर चिंचेच्या कोमट पाण्यात भिजत ठेवला. सकाळी तांबं गुलाबी निघालं. प्रत्येक जोडावर टाकणखाराची पातळ लापशी लावली, जुन्या जोडांवरही, म्हणजे ते तापले तरी काळे पडणार नाहीत. भोवती भट्टीच्या विटांचं कोंडाळं रचलं. एक बर्नर बाहेरून, पुतण्याच्या हातात. दुसरा फायरबॉक्सच्या तोंडाशी, माझ्या हातात. आप्पा पाटावर बसले, हातात चांदीची तार. खिडकी उघडी ठेवून दारं लावून घेतली, कारण तांब्याचा रंग उन्हात कळत नाही. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि पत्र्यावर इतका आवाज होता की आप्पा हातानंच खुणा करत होते.

पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग टाकणखार दुधासारखा उकळतो, फुगतो, पांढरा कोरडा होतो. मग तो बसतो आणि काचेसारखा स्वच्छ पातळ होतो. तेव्हा तांब्याला अंधारात अगदी मंद लाली येते, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. आप्पांनी पुतण्याला खुणेनं जवळ बोलावलं, मला मागे. तार त्या स्टेला नुसती टेकवली. चांदीची एक रेघ स्टेच्या भोवती पळाली, गोल पूर्ण झाला आणि लखलखला. त्यांनी शेजारचे स्टेही तसेच केले, एकेक टेकवत, कुठंही न थांबता. सोळा झाले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि आम्ही दोघांनी आग एकदम काढली.

बॉयलर निवून काळा पडेपर्यंत कुणी हात लावला नाही. चहासुद्धा तिथंच, उभ्यानं घेतला.

दुसऱ्या दिवशी चाचणी. यावेळी फायरबॉक्सच्या मागच्या पत्र्यावर डायल गेज लावला. ८०, १००, १३०. मी टॉर्च घेऊन आत बघत होतो, पुतण्या आकडे वाचत होता. १६०. पंप सोडला आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. काटा जागचा हलला नाही. डायल पाच थाऊ (इंचाचे पाच हजारांश) पुढे गेला होता, म्हणजे सपाट पत्रा तेवढा फुगला होता. दाब सोडला तेव्हा तो परत शून्यावर आला. मला सगळ्यात जास्त समाधान या शून्याचं झालं. पत्रा कायमचा वाकला असता तर गळती नसूनही मी तो बॉयलर टाकून दिला असता.

वहीत तारीख, दाब, वेळ आणि डायलचा आकडा लिहिला. खाली सही करताना कारखान्यातले ते हातोडीवाले साहेब आठवले. हात क्षणभर थांबला, पुन्हा एकदा टॉर्चनं सगळे स्टे बघितले आणि मग सही केली.

पुढं पाइप, झडपा, पंप बसवण्यात तीन आठवडे गेले. ते नेहमीचं काम.

अग्निप्रदीपन घरीच केलं. बायकोनं इंजिनाच्या तोंडावर कुंकू लावलं, नारळ फोडला. पाणी पागोळीचं भरलं, पावसाच्या पाण्याची खार धरत नाही म्हणून. काचेच्या नळीत पातळी पाऊण बघितली, मगच काडी. रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा, धुराड्यावर ओढ द्यायला छोटा पंखा. नऊ मिनिटांनी काटा सुटला. वीस पौंडांना पंखा काढला आणि इंजिनाच्या स्वतःच्या वाफेवर ओढ दिली, वरून दगडी कोळसा घातला. ऐंशीला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आप्पा दचकून मागे सरले आणि मग पुन्हा पुढे वाकून त्यांनी पहिल्यांदा फायरबॉक्सच्या आतच बघितलं, त्या डाव्या अंगाला.

"कोरडं हाय," म्हणाले.

बोळात टाकलेल्या सोळा फुटांच्या रुळावर ते पुतण्याच्या सात वर्षांच्या पोरीला घेऊन गेलं आणि परत आलं. ती उतरायला तयार नव्हती. मी मात्र धुराड्यातून सुटणाऱ्या वाफेचे ठोके ऐकत होतो. चार ठोक्यांतला एक अजून लंगडतोय, डावीकडचा. व्हॉल्व्हचं सेटिंग अर्ध्या सुताहून कमी चुकलंय. उद्या डावा सिलिंडर उघडतोय.