बुडालेल्या डोंगरांत एक रात्र

शहादा, फाल्गुन, रात्रीचे दहा

सर्दी अजून गेलेली नाही. पण उद्यापासून पुतण्याच्या लग्नाची धावपळ सुरू झाली की बोटीवरचं लिहायचं राहूनच जाईल, म्हणून आज वही काढली.

लेकीने बुकिंग केलं तेव्हा मला एवढंच सांगितलं, व्हिएतनामला जायचंय आणि तिथल्या 'हा लाँग' नावाच्या खाडीत एक रात्र क्रूझवर राहायचंय. "लक्झरी आहे आई, तुला काहीच करायचं नाही." हे वाक्य मला आयुष्यात फारसं कोणी ऐकवलेलं नाही. आरोग्य सेविकेच्या नोकरीतला मोठा काळ धडगाव-अक्कलकुव्याकडे गेला. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तसे नर्मदाकाठचे रस्ते, पायवाटा, नाले सगळं खाली गेलं. मग पाड्यांवर जायचं तर नाव, नाहीतर लाँच. नावेत बसले ती मांडीवर लसीचा डबा घेऊनच. आतले आईसपॅक वितळायच्या आत पाडा गाठायचा, एवढाच विचार. पाणी कसं दिसतंय, डोंगर कसे दिसताहेत हे बघायला सवड नसायची. मुळात त्या पाण्याकडे सुंदर म्हणून बघणं तिथल्या माणसांसमोर बरंही दिसलं नसतं.

मुंबईहून हनोईपर्यंत थेट विमान, पुढे द्रुतगती मार्गाने अडीच तासांची बस. बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिबड्या होत्या. लेक शाकाहारी आहे. मी मासे खाते, पण परमुलखात आपल्या दशमीचा आधार वाटतो.

तुआन चाऊच्या धक्क्यावर एसी हॉलमध्ये बसवून थंड सरबत दिलं, पाहुण्यांची नावं पुकारली आणि छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर नेलं. लाइफ जॅकेट घाला असं सांगायच्या आधीच मी माझं बांधून बसले होते. लेक हसली. २०१९च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत नाव उलटली, लहान मुलं गेली. तो दिवस मला विसरता येत नाही. आणि ह्याच हा लाँगमध्ये २०२५च्या जुलैत अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तिसाहून जास्त माणसं गेली. लेकीने हे मला आधी सांगितलं नव्हतं, बोटीवर चढल्यावर मोबाइलमध्ये वाचलं. बरं झालं नाही सांगितलं, नाहीतर मी आलेच नसते.

सगळ्या बोटी पांढऱ्याशुभ्र. पूर्वी लाकडी, तपकिरी असायच्या. २०१२च्या सुमाराला सरकारी नियम आला आणि सरसकट पांढरा रंग लागला. गाइडला तो नियम फारसा आवडलेला दिसला नाही. मलाही जुने फोटो बघून तपकिरीच बऱ्या वाटल्या.

खोली बघून मात्र मी गप्प झाले. काचेची आख्खी भिंत, तिला लागून बाथटब, म्हणजे आंघोळ करता करता डोंगर बघायचे. बाहेर दोन खुर्च्यांची गॅलरी. भाडं किती ते लेकीने सांगितलं नाही. पण पावती टेबलावरच राहिली होती. तेवढ्या पैशांत आमच्या गच्चीवरची टाकी आणि जिना, दोन्ही झालं असतं. हे मी मनातच ठेवलं.

आता खरं लिहायचं ते बाहेरचं.

बोट सुटली आणि थोड्या वेळात धुक्यातून सुळके यायला लागले. एकामागे एक, उभे, अंगावर झाडी, खालून सरळ पाण्यात. अशी १,९६९ बेटं आहेत म्हणे, १,५५३ चौरस किलोमीटरमध्ये पसरलेली. माणसं राहतात अशी फार थोडी. गाइडने आधी ड्रॅगनची गोष्ट सांगितली: परकी जहाजं चालून आली तेव्हा आकाशातून ड्रॅगन माता पिलांना घेऊन उतरली, त्यांनी तोंडातून रत्नं फेकली आणि त्यांचीच ही बेटं झाली, शत्रूची जहाजं आपटून फुटली. मग एका ऑस्ट्रेलियन आजोबांनी विचारलं म्हणून खरंही सांगितलं. हा सगळा चुनखडीचा डोंगराळ मुलूख होता. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, ते चुनखडी विरघळवत जातं, लाखो वर्षांत दऱ्या पडतात, गुहा होतात, सुळके उरतात. मग शेवटचं हिमयुग संपलं, बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि दऱ्या भरल्या. आपण जे बघतो ती डोंगरांची माथी आहेत.

म्हणजे बुडालेले डोंगर. मी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होते. मला हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं असं वाटलं, आणि सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं तेही कळेना. कारण हे दृश्य मला ओळखीचं होतं. सातपुड्याचा दगड काळा, आपला बेसाल्ट, असा विरघळत नाही, त्यामुळे असले सुळके आपल्याकडे नाहीत. पण पाण्यातून वर आलेली माथी, मधे वळत जाणारं पाणी, पुढच्या वळणावर काय आहे ते न दिसणं, हे सगळं नर्मदाकाठच्या मणिबेली गावाच्या बाजूला जाताना असंच असायचं.

फरक जवळ गेल्यावर कळला. बो होन बेटापाशी लुऑन नावाची गुहा आहे, तिच्यातून पलीकडच्या गोल तळ्यात जायला बांबूची बोट. कायाकही होती, पण माझ्या खांद्याने नाही म्हटलं. बोट कड्याच्या अगदी हाताच्या अंतरावरून गेली. पाण्यालगत सगळा कडा आत खाल्लेला, वरचा दगड छत्रीसारखा पुढे आलेला, आणि त्या खाचेत पार वरपर्यंत कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, चिकटलेली, धारदार, राखाडी, ओली. इथे भरती दिवसातून एकदाच येते आणि ओहोटीही एकदाच. पाणी तीन-चार मीटरही वर-खाली होतं. त्या पट्ट्यात रोज काहीतरी जगतं. नर्मदेच्या फुगवट्यालाही असा पट्टा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोंगरांच्या पायाशी तपकिरी गाळाचा, त्यावर सागाचे मेलेले बुंधे, आणि कुठे कुठे एखाद्या घराचा ओटा. तिथे कालवं नसतात. आणि पाणी उतरतं ते चंद्राच्या मर्जीने उतरत नाही, धरणावरच्या हिशेबाने उतरतं.

बोट वल्हवणारी बाई माझ्याहून थोडीच लहान असेल. डोक्यावर पानांची निमुळती टोपी, हातात रबरी मोजे, चेहरा रुमालाने झाकलेला. आपल्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया बांधतात तसाच रुमाल. गाइडमार्फत मी विचारलं, कुठे राहता? ती म्हणाली, आता शहरात. आधी पाण्यावर. खाडीत तरंगती कोळी गावं होती. घरं तराफ्यावर, शाळासुद्धा तराफ्यावर. २०१४ मध्ये सरकारने त्यांना किनाऱ्यावर हलवलं. वादळांचा धोका, पोरांची शाळा, खाडीतली घाण, अशी कारणं दिली. कारणं खोटी नसावीत. मी नर्स आहे, तराफ्यावर जुलाबाची साथ आली तर काय होईल ते मला कळतं. तिला विचारलं, बरं आहे का तिकडे? ती काहीतरी लांबलचक बोलली आणि गाइडने "हो म्हणते" एवढंच भाषांतर केलं. सरकारी दौऱ्यात मी दुभाष्याचं कामही केलेलं आहे. लांब उत्तराचं "हो" कसं होतं ते मला माहीत आहे.

उतरताना लेकीने तिला दोन लाख डाँगची नोट दिली. घाबरू नका, आपले सहा-सातशे रुपये. त्या नोटेवर ह्याच खाडीतल्या दगडांचं चित्र छापलंय.

बाकी दिवस कार्यक्रमांनी खाऊन टाकला. तक्रार करायची तर हीच करीन. इतके पैसे घेऊन माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत. सुंग सोत गुहा मोठी, खरंच बघण्यासारखी, पण पुढच्याच्या टाचेवर पाय पडेल इतकी रांग. तिथून टी टॉप बेट. सोव्हिएत अंतराळवीर टिटोव्ह १९६२ मध्ये हो ची मिन्हबरोबर इथे आला होता, त्याचं नाव बेटाला. चारशेच्या वर पायऱ्या. लेक चढून गेली, मी खाली टिटोव्हच्या पुतळ्याशी बसून तिची पर्स सांभाळली. मग खायचे स्प्रिंग रोल करायला शिकवणं, मग गच्चीवर पेयपान. वेटरने बर्फाची बादली आणून ठेवली, आणि माझा हात आपोआप पुढे होऊन झाकण घट्ट बसलंय का ते बघून आला. सवय.

रात्री मुक्काम एका आडोशाच्या जागी. बेटांनी लाटा अडवलेल्या, बोट हलतही नव्हती, ओकारीच्या गोळ्या तशाच परत आणल्या. पण एकांत म्हणावा तर आजूबाजूला मोजता येणार नाहीत इतक्या बोटी, सगळ्या लखलखत, आणि शेजारच्या बोटीवर कराओके. कोणीतरी उत्साहाने बेसूर गात होतं. लेक दिवा लावून माखली पकडायला गळ टाकून बसली, मिळाली एकही नाही. मी खोलीत चटणी-दशमी खाल्ली आणि बाथटब भरला.

सकाळी सूर्योदय दिसला नाही. ह्या दिवसांत तिकडे धुकं आणि बारीक झिमझिम असते, तीच ही सर्दी. गच्चीवर ताई ची शिकवत होते, मी स्वेटर घालून केलं. हळू हात फिरवायचे, गुडघे किंचित वाकवायचे. फिजिओथेरपीच म्हणायची. पण सांगणारा पोरगा इतका मनापासून सांगत होता की पन्नाशी-साठीची आम्ही सगळी धुक्यात निमूट हात फिरवत होतो.

१९९४ पासून ही खाडी जागतिक वारसा यादीत आहे. २००० मध्ये भूशास्त्रासाठी पुन्हा नोंद झाली आणि २०२३ मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही जोडला. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक बोटींवर २०१९ पासून बंद. आमच्या बोटीवर पाणी काचेच्या बाटल्यांत होतं. धक्क्याजवळ मात्र थर्माकोलचे तुकडे तरंगत होते.

शहादा, दुसऱ्या दिवशी

आज रेवानगरहून, म्हणजे धरणग्रस्तांच्या वसाहतीतून, माझी जुनी मदतनीस आली होती. तिचं मूळ गाव नर्मदाकाठचं. महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, त्यातलं एक. तिला तळोद्याकडे पुनर्वसनात जमीन मिळाली, तीही किती खेटे घातल्यावर, ते मी जवळून बघितलंय. माझ्याशी ती अहिराणीतच बोलते.

मोबाइलवर फोटो दाखवले. तिने पहिलाच बघून विचारलं, "हाई कोनतं धरन शे बाई?"

मी म्हटलं, धरण नाही, समुद्र आहे. फार फार वर्षांपूर्वी चढला.

"तठला लोके कथा गयात?" तिथली माणसं कुठे गेली, असं तिचं पुढचं.

तेव्हा तिथे कोण होतं मला काय माहीत, पण कोळ्यांचं सांगितलं. किनाऱ्यावर घरं दिली. ती म्हणाली, आणि जमीन? म्हटलं, त्यांचं शेत म्हणजे पाणीच होतं ना, जमिनीला काय करतील. आता काही जण त्याच पाण्यात पर्यटकांच्या बोटी वल्हवतात. तिने वल्हवणाऱ्या बाईचा फोटो मोठा करून बघितला, रुमाल कसा बांधलाय तेही बघितलं. "कामले तरी जास," म्हणाली.

मग पुढे सरकवत सरकवत खोलीचा फोटो आला. काचेची भिंत, टब, मागे डोंगर. तिने चहा खाली ठेवला.

"मंग बाई, तुम्ही त्या टबमा बसनात का नही?"

"दोनदा," मी म्हटलं.