शून्यापाशी तुटलेला आलेख

नौपाड्यातल्या आमच्या क्लासमध्ये बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर वाटून झाले होते. प्रश्न नेहमीचाच: एफ(एक्स) = एक्स + ९/एक्स हे फंक्शन कुठे वाढतं, कुठे घटतं? एफ डॅश, म्हणजे फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह (तो धन तिथे फंक्शन वाढतं, ऋण तिथे घटतं), इथे १ − ९/एक्स². फळ्यावर मी आदर्श उत्तर लिहिलं: एक्स < −३ किंवा एक्स > ३ असताना इन्क्रीझिंग, −३ ते ३ मध्ये, शून्य वगळून, डिक्रीझिंग.

माझं सगळं लक्ष ठरलेल्या चुकीवर. एक्स² < ९ आलं की पोरं ‘एक्स < ±३’ लिहून मोकळी होतात. वर्गमूळ घ्यायचं नाही, (एक्स − ३)(एक्स + ३) < ० असे अवयव पाडायचे, हे परत एकदा बजावत होतो. तेवढ्यात कळव्याहून येणारी, एरवी गप्प बसणारी मुलगी म्हणाली, “सर, −१ घातलं तर −१० येतं, १ घातलं तर १०. मग घटलं कुठे? वाढलंच की!”

बरोबर होतं तिचं. एफ डॅश दोन्ही ठिकाणी −८, म्हणजे ऋणच. तरी किंमत −१० वरून १० वर.

मग लॅग्रांजचा मीन व्हॅल्यू थिअरम काढला. मुलं तो दोन मार्कांपुरता पाठ करतात, पण चिन्हाची ही सगळी पद्धत त्याच्यावरच उभी आहे. एफ(बी) − एफ(ए) = (बी − ए) × एफ डॅश(सी), सी हा ए आणि बी यांच्या मधला कुठला तरी बिंदू. बी − ए धन, म्हणून फरकाचं चिन्ह एफ डॅशचं. मात्र ए ते बी फंक्शन सलग हवं. −१ आणि १ च्या मध्ये शून्य बसलंय, तिथे फंक्शनच नाही. आलेख −३ ला −६ वर असतो, तिथून शून्याकडे जाताना खाली खाली बुडतो. शून्याच्या पलीकडे एकदम वरून सुरू होऊन ३ ला ६ वर उतरतो. गंमत म्हणजे इथलं लोकल मॅक्सिमम (आसपासची सर्वांत मोठी किंमत) −६ आणि लोकल मिनिमम (आसपासची सर्वांत लहान) ६!

म्हणून संख्यारेषेवर फक्त एफ डॅश शून्य होतो ते बिंदू मांडून भागत नाही. आधी डोमेन, म्हणजे फंक्शन कुठे कुठे आहे ते, बघायचं. ० ला पोकळ गोल, −३ आणि ३ ला भरीव. चार तुकडे पडतात. −४, −१, १, ४ घालून पाहिलं तर एफ डॅश ७/१६, −८, −८, ७/१६. छेदातला एक्स² धन आहे म्हणून चिन्ह ठरवताना तो सोडता येतो, रेषेवरून शून्य पुसता येत नाही. उलट एक्स³ मध्ये एफ डॅश शून्याला ० होतो, पण चिन्ह बदलत नाही. तिथे तुकडे पाडले तरी फंक्शन सगळीकडे वाढतंच.

“मग मध्ये युनियनचं चिन्ह टाकू?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. नको. (−३, ०) वर डिक्रीझिंग आणि (०, ३) वर डिक्रीझिंग, असं वेगवेगळं लिहायचं. युनियन केलं की −१ आणि १ परत एकाच संचात येतात.

माझ्यासारखंच उत्तर लिहिलेल्यांचे मार्क कापले नाहीत. आदर्श उत्तराची झेरॉक्स तेवढी परत मागवली.