दर्या, दऱ्या आणि मुलांचा हात

गेल्या पावसाळ्यात चौथीच्या मुलांना मी आपल्या परिसराविषयी दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. आमची शाळा वाळपईच्या पलीकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात आहे; सरकारी मराठी प्राथमिक शाळा, तिसरी आणि चौथी मिळून माझ्याकडे अकरा मुले. त्यांतल्या एका मुलीने लिहिले होते, 'आमच्या गावामागे सह्याद्रीचे डोंगर आणि खोल दर्या आहेत.' तिला जवळ बोलावून ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले, तेव्हा तिने 'दऱ्या' असे अगदी बरोबर वाचले. वहीत मात्र डोंगरामागे समुद्र आला होता. विचारल्यावर कळले की तिने तो मजकूर आधी आईच्या फोनवर रोमन अक्षरांत टाइप केला होता आणि फोनने जो शब्द पहिल्यांदा सुचवला तोच वहीत उतरवून काढला होता.

शुद्धलेखनाची चूक म्हणून लाल शाईने खूण करून मला पुढे जाता आले असते. पण तिच्या मागच्या वह्या चाळताना लक्षात आले की 'र'चे ते आडवे, पापणीसारखे रूप तिने स्वतःच्या हाताने कधी काढलेलेच नव्हते, आणि याची जबाबदारी शिकवणाऱ्यांची, म्हणजे माझीही होती. 'र' हे आपल्या लिपीतले सर्वांत फिरते अक्षर आहे. 'सूर्य'मध्ये ते पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसते, 'चक्र'मध्ये 'क'च्या पायाशी तिरकी रेघ होते, 'राष्ट्र'मध्ये 'ट'च्या खाली दोन पाय पसरते आणि 'दऱ्या'मध्ये 'य'च्या आधी आडवे होते. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही, हा फरक मुलांच्या कानाला शाळेत येण्यापूर्वीपासून ठाऊक असतो. कानाला ठाऊक असलेली ही गोष्ट हाताच्या वळणाशी जोडून देणे हे प्राथमिक शाळेचे काम आहे, आणि फोनच्या पर्यायांतून शब्द निवडताना नेमका हाच सांधा जुळत नाही, कारण तिथे मूल शब्द घडवत नाही, फक्त ओळखते.

हस्ताक्षर शिकवावे की नाही हा वाद बहुधा 'सुंदर अक्षर' या दोन शब्दांभोवती फिरतो आणि तिथेच बिघडतो. मला सौंदर्याविषयी बोलायचे नाही. मूल अक्षर कसे घडवते हे शिक्षकाने त्या क्षणी पाहिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. सुलेखन म्हणून घरी दहा ओळी लिहायला सांगायच्या, दुसऱ्या दिवशी पानाखाली सही करायची आणि यालाच लेखनाचे शिक्षण म्हणायचे, ही पद्धत मी स्वतः पुष्कळ वर्षे चालवली. लिहून झालेल्या पानावर अक्षर दिसते; ते कुठून सुरू झाले, हात कुठे अडला, पेन्सिल किती वेळा उचलली, हे त्या पानावरून कळत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा सुटा 'ध' उत्तम काढत असे, पण वाक्यात त्याचा 'ध' हमखास 'घ' होई आणि अंजुणे धरणाचे 'अंजुणे घरण' होऊन बसे. त्याच्या शेजारी बसून पाहिले तेव्हा उलगडा झाला. तो आधी पट्टीने आखल्यासारखी एक लांब शिरोरेघ ओढी आणि मग तिला खालून अक्षरे टांगीत जाई. 'ध', 'भ' यांसारख्या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असावी लागते. त्याच्या पद्धतीत ती तुटायला जागाच उरत नव्हती. आधी अक्षर आणि शब्द पुरा झाल्यावर रेघ, एवढा क्रम बदलल्यावर तीन आठवड्यांत त्याचा 'ध' सुधारला. त्याच्या जुन्या वहीत मीच 'ध' गोल करून 'पाचदा लिही' असा शेरा मारलेला होता, आणि त्याने तो पाचही वेळा त्याच चुकीच्या क्रमाने लिहिला होता.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. अजून वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना काही अक्षरे पाहून स्वतः काढायला दिली, काही गिरवायला दिली आणि काही कळफलकावर दाबायला दिली. त्यानंतर तीच अक्षरे दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. वाचनाशी संबंधित भाग जागा झालेला दिसला तो प्रामुख्याने स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी. हा प्रयोग रोमन अक्षरांवर आणि मोजक्या मुलांवर झालेला आहे, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला मी उभारणार नाही. पण त्याचे संशोधकांनी सुचवलेले एक कारण वर्गात उभे राहणाऱ्या कोणालाही पटेल. मुलाने स्वतः काढलेला 'अ' प्रत्येक वेळी थोडा वेगळा, वाकडातिकडा येतो, आणि अशी दहा वेगवेगळी रूपे पाहूनच 'अ'चे 'अ'पण त्याच्या डोक्यात पक्के होते. ठिपक्यांवरून गिरवताना हे घडत नाही. आपल्याकडे कित्ता गिरवण्याला फार मान आहे आणि बालवाडीची पुस्तके ठिपक्यांच्या अक्षरांनी भरलेली असतात. ती सुरुवातीला हात स्थिर व्हायला उपयोगी पडतात, पण तिथेच महिनोन्महिने थांबणे मला आता चुकीचे वाटते. नॉर्वेत छत्तीस विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा दाखला हल्ली बराच दिला जातो. हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला परस्परसंबंध अधिक व्यापक दिसतो, असे त्यात आढळले. मात्र त्यात विद्यार्थी एकाच बोटाने टाइप करत होते आणि त्यांना पुढे काय आठवले हे तपासलेले नव्हते, तेव्हा तो दाखला देताना हेही सांगायला हवे.

परदेशांची उदाहरणेही जपून घ्यावीत. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून पहिली ते सहावीच्या वर्गांत जोडून लिहिण्याची वळणदार लिपी पुन्हा आणली, तर फिनलंडने हाताने लिहिणेच बंद केले, असे पालकसभेत कोणीतरी सांगतेच. फिनलंडमध्ये २०१६ पासून सक्तीची राहिली नाही ती जोडून लिहिण्याची पद्धत. सुटी अक्षरे तिथली मुले आजही हातानेच शिकतात. देवनागरीत तो प्रश्न त्या रूपात उभाच राहत नाही. आपल्यापुढचा प्रश्न जोडाक्षरांचा आहे.

आमच्या घरी पणजोबांच्या काळातल्या, पोर्तुगीज अमदानीतल्या चार वह्या आहेत. कुळागरातल्या नारळ-सुपारीचा आणि भाताच्या कुडवांचा हिशेब त्यांत मोडीत लिहिलेला आहे. पानभर आडव्या रेघा आधी ओढलेल्या आणि त्यांच्याखाली हात शक्य तितका न उचलता धावत गेलेली अक्षरे. शाई आता तपकिरी झाली आहे. माझ्या आजोबांना ते वाचता येत असे, वडिलांना अर्धेमुर्धे लागत असे आणि मला त्यातले आकडे तेवढे ओळखता येतात. मोडी शाळेतून गेली त्याला रास्त कारणे होती, छपाईला बाळबोध सोयीची होती, आणि तो निर्णय उलटवावा असे माझे म्हणणे नाही. पण हातातून सुटलेली लिपी दोन पिढ्यांत डोळ्यांनाही परकी होते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज दफ्तरांबरोबर मोडी कागदही जपलेले आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी आहेत.

आमची गोव्यातली मुले एकाच वेळी मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी हाताळतात, आणि फोनवर या सगळ्या भाषा बहुधा रोमन अक्षरांतच लिहिल्या जातात. त्या लिपीत 'काल' आणि 'काळ' एकसारखेच दिसतात, 'न' आणि 'ण' यांचाही भेद राहत नाही. देवनागरीत टाइप केले तरी पडद्यावर येणारा 'ल' आणि 'श' बहुतेक वेळा हिंदी वळणाचा असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण मानला. पाठ्यपुस्तकांतून मुलांना तो दिसतो, पण दिवसभर हातात असलेल्या पडद्यावर दुसराच दिसतो. हाताला वळण नसेल तर मूल पडद्याचे अनुकरण करते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

संगणकाला माझा विरोध नाही. आमची मुले इथून पुढच्या शाळेत जातात तेव्हा सहावी ते आठवीत त्यांना राज्याच्या योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकायला मिळते, याचा मला मनापासून आनंद आहे. एक पालक मला म्हणाले, "बाई, पुढे सगळं कॉम्प्युटरवरच असणार, मग अक्षरावर एवढा वेळ कशाला?" दहावीची परीक्षा अजून हातानेच लिहावी लागते, हे उत्तर तोंडावर आले होते, पण मी ते दिले नाही, कारण परीक्षेची पद्धत उद्या बदलू शकते आणि माझ्या म्हणण्याचा आधार तो नाही. मी त्यांना त्यांच्या मुलीची 'दर्या'ची वही दाखवली.

हस्ताक्षर स्पर्धांविषयी मात्र माझे मत कडक आहे. प्राथमिक वर्गांत त्या घेऊ नयेत. ज्याचा हात मुळात सुबक आहे त्याला बक्षीस मिळते, आणि ज्याला खरी गरज आहे ते मूल आपले अक्षर वाईट आहे एवढेच शिकून घरी जाते. काही मुलांना लिहिण्याची खरोखरच अडचण असते, बोटे दुखतात, अक्षरे उलटी पडतात. त्यांना तपासणी आणि मदत हवी, आणि पुढे गरज पडली तर कळफलकाची सवलतही विनाअट मिळायला हवी.

शुक्रवारची शेवटची सुलेखनाची तासिका मी बंद केली आहे. त्याऐवजी सोमवार ते गुरुवार प्रार्थनेनंतर पहिली वीस मिनिटे लेखन असते. तीन-चार मुले माझ्याभोवती बसतात, बाकीची वाचन करतात. पटसंख्या कमी म्हणून आमच्यासारख्या शाळांची चिंता केली जाते आणि ती रास्तही आहे, पण अकरा मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा हात आठवड्यातून किमान एकदा नीट पाहता येतो, हे मोठ्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना शक्य होत नाही. आम्ही पाटीवर लिहितो, कारण पाटीवरची चूक पुसता येते आणि मूल बिचकत नाही. एका दिवशी एकच जोडाक्षर घेतो. ते आधी कानाने ऐकायचे, मग बोटाने हवेत काढायचे, मग न गिरवता पाटीवर आणि शेवटी चौरेघी वहीत, स्वतःच्या वाक्यात.

'ऱ्य'ला आम्ही चार दिवस दिले. 'वाऱ्यावर', 'किनाऱ्यावर', 'पायऱ्या', 'म्हाताऱ्या' असे शब्द मुलांनीच गोळा केले. त्या मुलीने चौथ्या दिवशी विचारले, "बाई, आणि 'सूर्या'ला तसं का नाही करायचं?" मी तिला दोन्ही शब्द हळू म्हणायला सांगितले. तिने ते तीन-चारदा पुटपुटले, पाटी गुडघ्यावर घेतली, 'सूर्य' लिहून त्यावर रफार दिला, आणि त्याखाली जरा मोठ्या अक्षरांत 'दऱ्या' लिहिले.