कोतवाल बुकातली एक ओळ आणि मॉरिशसला गेलेला भाऊ

‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ आमच्या तालुक्याच्या एका कार्यालयानं मला दिलेलं हे लेखी उत्तर. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर. ज्या रजिस्टराबद्दल हे लिहिलं होतं ते त्याच इमारतीत, त्याच रेकॉर्ड रूममध्ये कापडात बांधून ठेवलेलं होतं, आणि शेवटी मी ते स्वतःच्या हातानं उघडलं. आजही ती ओळ आठवली की डोकं तापतं. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या माणसांची मागे राहिलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणालाही या वाक्यावर माघारी फिरावं लागू नये म्हणून हे लिहितेय.

माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले की खापरपणजोबांचा धाकटा भाऊ बोटीवर गेला तो परत आला नाही. कुठे गेला, का गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. 1834 साली ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारावरचे मजूर मॉरिशसला उतरले आणि पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर माणसं ऊसमळ्यांत राबायला तिकडे गेली, हे मी वाचलं होतं. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली, पण मुंबई बंदरातूनही गेली, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ. तरी आपल्या घरातला माणूस त्यांत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आमच्या गावाच्या मुंबई मंडळाकडे मॉरिशसहून एका बाईंचं पत्र आलं, मंडळाच्या चिटणिसांनी ते आमच्या घराकडे पाठवलं, आणि सगळं सुरू झालं.

पत्र लिहिणाऱ्या बाईंकडे मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून मिळालेला आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा होता. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरायची, ज्याला आता आप्रवासी घाट म्हणतात आणि 2006 पासून जो जागतिक वारसा आहे, तिथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि रजिस्टरात एक ओळ. त्या ओळीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं ते. आमच्या माणसाची उंची पाच फूट तीन इंच. खूण, उजव्या भुवईवर व्रण. वय बावीस. दीडशेहून जास्त वर्षं ज्याचा चेहरा कुणी पाहिला नाही त्याच्या भुवईवरचा व्रण मला माहीत झाला, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

उताऱ्यात आडनाव नव्हतं. बहुतेकांचं नसतंच. मॉरिशसच्या मराठी घरांत आज जे आडनाव दिसतं ते पुष्कळदा पहिल्या आलेल्या पुरुषाचं किंवा त्याच्या बापाचं नाव असतं, त्यामुळे इकडचं आडनाव घेऊन तिकडे शोधू नका. गावाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं रोमनमध्ये लिहिलेलं असतं. ते मोठ्यानं वाचायचं, दोन-तीन प्रकारे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवायचं. तालुका आजचा समजू नये. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातले तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग असे किल्ल्यांच्या नावांचे होते, मालवणही रत्नागिरीतच, आणि सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 साली. सावंतवाडी तर संस्थान होतं. हे डोक्यात नसेल तर माणूस भलत्याच कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

गाव आमचं, बापाचं नाव मात्र आम्हाला पडताळता येईना, कारण घरची वंशावळ खापरपणजोबांपाशी थांबत होती. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन आले. तिथे मजुरांच्या निर्गमनाबद्दलचा सरकारी पत्रव्यवहार वाचायला मिळाला, माझ्या माणसाचं नाव नाही. मग त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. गाव आणि आडनाव सांगितलं, त्यांनी वही काढली, आणि तासाभरात पणजोबांच्या हातची नोंद समोर आली. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आणि चुलत्यांत तेच नाव, मॉरिशसच्या उताऱ्यातलं. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला होता. पण तिकडच्या मंडळींना शिक्क्याचा कागद हवा होता. त्यांच्याकडचा प्रत्येक दुवा सरकारी दाखल्यानं जोडलेला, मधला एकच दुवा वहीतल्या ओळीवर टांगलेला, हे त्यांना बरं वाटेना. मलाही ते पटलं.

असा कागद एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता: कोतवाल बुक, म्हणजे गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना 14. खापरपणजोबा गावातच वारले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत ‘अमुक बिन तमुक’ असं बापाचं नाव असणार, आणि ते उताऱ्यातल्या नावाशी जुळलं की दोघे भाऊ ठरले.

मी नकलेचा अर्ज लिहिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, खिडकीवर दिला. कारकुनानं न वाचता विचारलं, ‘‘दाखल्यासाठी ना?’’ 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर जुनी रजिस्टरं मागणारा प्रत्येक जण जातीच्या दाखल्यासाठीच आलेला असतो, असं तिथे पक्कं बसलंय. मी म्हटलं, ‘‘नाही, मॉरिशसला गेलेल्या भावासाठी.’’ त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. प्रयोजनाच्या रकान्यात हे बसत नाही म्हणाले. मग आडनाव पाहिलं, अर्जातल्या नोंदीचं वेगळं आणि माझं वेगळं. ‘‘ताई, हे तुमचं माहेर. भावाला पाठवा ना.’’ मला भाऊ नाही. असता तरी मी त्याला पाठवलं नसतं. खापरपणजोबा माझेही तेवढेच आहेत, हे मी खिडकीवर उभं राहून जोरात सांगितलं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं, आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

अर्ज घेतला. पुढच्या वेळी गेले तर उत्तर, रजिस्टरं स्कॅनिंगला जिल्ह्याला गेलीत. जिल्ह्याच्या कचेरीत गेले तर म्हणाले, कधीच परत पाठवली. परत तालुक्याला. तिथे टेबल बदललेलं, आधीचे कारकून दुसऱ्या शाखेला, नव्यांना माझा अर्ज माहीत नाही. ‘‘सोमवारी या.’’ सोमवारी साहेब मीटिंगला. रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. एसटी, उन्हाळा, खिडकीसमोरचं ते लोखंडी बाक, आणि माझ्या शेजारी सातबाऱ्यावरच्या एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी खेटे घालणारे म्हातारे आजोबा. एवढं सगळं झाल्यावर पोस्टानं ती ओळ आली. आढळून येत नाही.

इथे बहुतेक लोक सोडून देतात, आणि इथेच सोडायचं नसतं. ‘आढळत नाही’ म्हणजे ‘नष्ट झालं’ असं मुळीच नाही. सरकारी कागदांचे वर्ग ठरलेले असतात: अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षं, त्याखाली क, क-1 आणि ड. एखादं रजिस्टर नष्ट करायचं तर त्याचा आदेश आणि यादी लागते. दुसरीकडे पाठवायचं तर पाठवल्याची आणि परत आल्याची नोंद लागते. म्हणजे रजिस्टर नसेल तर त्याच्या नसण्याचाही कागद असायला हवा. तो मागायचा.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा स्टॅम्प. ‘आमचं रजिस्टर कुठे आहे’ असा प्रश्न विचारला नाही, कारण त्याला पुन्हा तेच उत्तर आलं असतं. मागितलं ते असं: रेकॉर्ड रूममधल्या आमच्या गावाच्या जन्म-मृत्यू रजिस्टरांची यादी; स्कॅनिंगला दिलेल्या रजिस्टरांची गाववार यादी, दिल्याच्या आणि परत घेतल्याच्या सह्या-तारखांसह; नष्ट केली असल्यास आदेशाची प्रत; आणि प्रत्यक्ष पाहणीची परवानगी. कारण सांगायची गरज नसते, कायद्याच्या कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट आहे, त्यामुळे इथे प्रयोजनाचा रकाना आणि माहेर-सासर यांचा प्रश्नच आला नाही. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून कुणी अडवलं तर कलम 8(3) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती काही मोजके अपवाद सोडता द्यावीच लागते, आणि आमची घटना तर शंभर वर्षांच्याही पलीकडची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं. माझं अपील लिहून तयार होतं.

उत्तर आलं, आणि सोबत यादीची झेरॉक्स. त्यात आमच्या गावाचं नाव होतं, वर्षं होती, आणि ‘परत प्राप्त’ असं लिहून खाली त्याच कार्यालयाची सही होती. ज्यांनी आढळत नाही असं लिहून दिलं होतं त्यांचीच. मी ती यादी घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली.

रेकॉर्ड रूममध्ये तिथल्या वयस्कर शिपाईकाकांनी शोधायला सुरुवात केली. आमच्या गावाच्या रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, ते नव्हतंच. काका थोडं थांबले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमचं गाव आधी कुठल्या सजात होतं?’’ सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं, आणि आमचा सजा मधल्या काळात बदलला होता. शेजारच्या गावाच्या नावाचं गाठोडं त्यांनी फळीवरून उतरवलं, लाल कापडाची गाठ सोडली, आणि तिसरं की चौथं रजिस्टर आमचं होतं. इतके महिने कुणालाही हा एक प्रश्न सुचला नव्हता. तुम्ही शोधत असाल तर गावाच्या जोडीला जुना सजा लिहून न्या. गावातल्या जुन्या तलाठ्यांना किंवा पोलीस पाटलांना तो ठाऊक असतो.

नोंद मोडी लिपीत होती. पानाची कड हात लावला की झडत होती, म्हणून काकांनी खाली पुठ्ठा धरला. मी जाण्याआधी मोडी शिकायला घेतलं होतं, तेवढ्यावर नाव लागलं, मग ‘बिन’, मग बापाचं नाव. तेच. वय अजमासे 65, मरणाचं कारण ताप, खाली वाडीचं नाव, आमचीच वाडी. मी काकांना मॉरिशसचा उतारा दाखवला. त्यांनी दोन्ही कागद आळीपाळीनं पाहिले आणि मला म्हणाले, ‘‘सख्खे भाऊ.’’

एक गोष्ट जुळत नाही म्हणून घाबरू नका. आमच्याकडे जातीच्या रकान्यात इथे कुणबी आणि तिथे मराठा लिहिलंय. उताऱ्यातल्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. गाव, बाप आणि भाऊ जुळतात का ते पाहायचं.

मॉरिशसच्या बाजूचं आणखी थोडं. ज्याच्याकडे पूर्वजाचा क्रमांक आहे किंवा तिकडच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांची अखंड साखळी आहे त्याचं काम तिथे सोपं होतं. नुसत्या नावावर, तेही सखाराम-गोविंद असल्या नावावर, काहीच हाती लागत नाही. म्हणून इकडून शोधणाऱ्यानं आधी तिकडचा वंशज गाठावा. तिथल्या मराठी संस्था आणि कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीची गावं यासाठी उपयोगी पडतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचली जाते, त्यामुळे आपण कोकणातले हे त्यांना सांगावं लागत नाही, फक्त गाव हरवलेलं असतं. फोटोचीही चौकशी जरूर करा. 1867 च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट बाळगावं लागे. त्यामुळे फोटोची पद्धत येण्याआधी उतरलेल्या माणसाचाही फोटो मिळू शकतो. महिना पाच रुपयांवर राबलेला, एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापून घेतलेला, 1867 च्या हिवतापाच्या साथीतून वाचलेला आमचा माणूस. त्याचा फोटो अजून हाती आलेला नाही, पत्र लिहिणारी माझी बहीण तिकडे मागे लागली आहे. हो, आता ती माझी बहीणच.

नकलेचं सांगायचं राहिलं. कार्यालयानं मला आधी मोडी नोंद देवनागरीत उतरवून नक्कल दिली आणि तीत बापाचं नाव गाळलं होतं, ‘अवाच्य’ असा शेरा मारून. खिडकीवरच वाचली म्हणून लक्षात आलं. मी ती परत केली आणि मूळ पानाची प्रमाणित छायाप्रत मागितली. अर्जात पहिल्यापासूनच ‘मूळ नोंदीची प्रमाणित छायाप्रत’ असे शब्द लिहा आणि प्रत वाचल्याशिवाय पोच देऊ नका. छायाप्रत मिळाल्यावर मोडी वाचणाऱ्या एका अभ्यासकाकडून लिप्यंतर करून घेतलं आणि दोन्ही कागद रजिस्टर पोस्टानं मोकाला पाठवले.