रात्री अडीचला जागं कोण असतं?

"सिस्टर, एखादा चांगला वृद्धाश्रम सुचवा ना." महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑर्थोच्या वॉर्डात मी ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर ड्रेसिंग करायला, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलायला वेगवेगळ्या वृद्धाश्रमांत जाते, म्हणून माझ्याकडे यादी असणार असं लोकांना वाटतं. यादी नाही. नाव सांगणं मी सोडून दिलंय. एका मैत्रिणीला अगदी छातीठोकपणे एक जागा सुचवली होती. चार महिन्यांत तिथली मेट्रन सोडून गेली, तिच्यामागोमाग निम्म्या मावशी गेल्या. पाटी तीच, पडदे तेच, आश्रम मात्र दुसराच झाला होता.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, नावाऐवजी एक प्रश्न देते. तिथं जाऊन विचारा: रात्री अडीच वाजता इथं जागं कोण असतं?

हा प्रश्न मला आत्यानं शिकवला, तोही महागात. आत्या ८१ वर्षांची, एकटी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. शहराबाहेरच्या एका बंगल्यातल्या आश्रमात तिला ठेवलं. 'ठेवलं' म्हटलेलं तिला खपायचं नाही. "मी इथं राहायला आलेय," म्हणायची. बाग होती, तुळशीवृंदावन होतं, संध्याकाळी भजन, आठवड्याला डॉक्टरांची फेरी. जागा मीच पसंत केली होती, वॉर्डात जन्म घालवलेल्या बाईनं. बघायला गेले होते सकाळी अकराला. सकाळी अकराला सगळेच आश्रम चांगले दिसतात. फरशी नुकतीच पुसलेली असते, आज्या वेण्या घालून बसलेल्या असतात.

आत्या पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठली आणि बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळली. बेल होती, पण पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर. आत्या फरशीवर. सहाला मावशी चहा घेऊन आली तेव्हा कळलं. बावीस माणसं, रात्रीला एकच मावशी, आणि ती खालच्या मजल्यावर दिवसभराच्या कामानं मेल्यासारखी झोपलेली. दिवसपाळीही तिचीच होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पण आत्या काठीवरून वॉकरवर आली आणि वॉकरवरून पलंगावर. तिथून उठली नाही.

मावशीवर मी तेव्हा ओरडले, त्याची आजही लाज वाटते. ओरडायला हवं होतं मला स्वतःवर, आणि ज्यांनी ती एकच मावशी चोवीस तास राबवली त्यांच्यावर.

आता कुणी म्हणेल, म्हातारी माणसं पडतातच. खरंय, पडतात. म्हणून "आमच्याकडे आजवर कुणी पडलं नाही" असं सांगणाऱ्या मॅनेजरची मला जास्त धास्ती वाटते. एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर तिथं माणसांना उठूच देत नाहीत. ओढणीनं पलंगाच्या दांडीला बांधलेले हात मी पाहिले आहेत. दुपारी बाराला पेंगणारी, ओठ कोरडे पडलेली आख्खी रांगही पाहिली आहे. झोपेची गोळी कुणासाठी होती, आजोबांसाठी की रात्रीच्या मावशीसाठी, हे न विचारताही कळतं. "गेल्या वर्षी किती जण पडले, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?" याला ज्यानं सरळ उत्तर दिलं, रजिस्टर काढून दाखवलं, तिथं मी चहा घेते.

लेस्टरहून एका भाच्याचा फोन आला होता. त्याचा पहिला प्रश्न, "मावशी, रेटिंग कुठं बघायचं?" त्याचं चूक नाही. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही संस्था केअर होमची तपासणी करते, अहवाल जाहीर करते आणि उत्कृष्टपासून अपुऱ्यापर्यंत चार पायऱ्यांत शेरा देते. तो शेरा होमला दर्शनी भागात लावावा लागतो. आपल्याकडे दर्शनी भागात गणपती असतो.

"पण आश्रम रजिस्टर्ड आहे म्हणाले," असंही लोक सांगतात. असेल. पण कशाखाली? बहुतेक ठिकाणी ती ट्रस्टची नोंदणी असते. धर्मादाय आयुक्तांकडे जातो तो पैशांचा हिशेब. पाठीवरच्या जखमांचा हिशेब तिथं कुणी मागत नाही. नर्सिंग होमला १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. पण आश्रमवाले म्हणतात, "आम्ही उपचार कुठं करतो, आम्ही फक्त सांभाळतो." आणि सांभाळत काय असतात? नळीनं भरवणं, इन्सुलिन, कॅथेटर. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात दर जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम, असं कलम आहे. पण त्यातही सरकार असा आश्रम स्थापन 'करू शकेल', इतकंच. खासगी आश्रमांना नोंदणी सक्तीची करून किमान दर्जा ठरवायचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. समितीकडे गेलं, अहवाल आला, आणि २०२४ साली ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही संपलं. तेव्हा सध्या तपासनीस तुम्हीच. (तक्रार असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मोफत. नंबर लिहून ठेवा.)

मग काय तपासायचं? रात्रीच्या प्रश्नाखालोखाल मी वजनाची वही मागते. दर महिन्याला वजन करतात का, आणि लिहितात का. जेवण चांगलं असतं असं सगळेच सांगतात. पण चार महिन्यांत आजींचं सहा किलो उतरलं असेल तर ताट समोर येतं आणि तसंच परत जातं, एवढं वही सांगते. कवळी बसत नसेल, हात थरथरत असेल, भरवायला कुणाला वेळ नसेल. पलंगावर पाठ टेकलेल्या अवस्थेत घाईघाईनं भरवलं की घास श्वासनलिकेत जातो. मग 'अचानक न्यूमोनिया झाला' म्हणून फोन येतो.

जेवणाच्या वेळाही विचारा. संध्याकाळी सहाला ताटं लावून सातला स्वयंपाकघर बंद, नाश्ता सकाळी साडेआठला. चौदा-साडेचौदा तास पोट रिकामं. डायबिटीसच्या माणसाची साखर पहाटे उतरते, तो घामाघूम होऊन उठतो, चक्कर येऊन पडतो. पुन्हा तीच पहाट, तेच बाथरूम.

बेडसोरबद्दल, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांबद्दल, तर मी रात्रभर बोलेन. पलंगाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची सुट्टी मिळाली, असं नसतं. माकडहाडावर, टाचेवर आधी नुसता लालसर डाग दिसतो, बोटानं दाबूनही तो पांढरा होत नाही. तिथं पकडलं तर निभावतं. दहा दिवसांनी मला ड्रेसिंगला बोलावतात तेव्हा त्या जागी खड्डा असतो. दिवसा कूस बदलली जाते हो, पाहुणे असतात. रात्री दहा ते सहा या आठ तासांत किती वेळा बदलली, हे टाचा बघून मला कळतं. तुम्हीही भेटायला गेलात की पांघरूण सारून टाचा बघा. लाजू नका, तुमचीच आई आहे.

आणि दारं. बाथरूमचं दार बाहेर उघडतं का, कडी बाहेरून काढता येते का. रात्री जिन्याच्या जाळीला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे. स्मृतिभ्रंशाची माणसं बाहेर निघून जातात म्हणून कुलूप लावतात, तेही मला समजतं. पण १ जानेवारी २०२३ ला पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या ज्येष्ठांच्या एका केअर होमला आग लागली आणि दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. दहा जण स्वतःच्या पायांनी चालू शकत नसतील, तर त्यांना एकटी मावशी जिन्यावरून कशी उतरवणार?

मी आता ६८ ची आहे. मुलगा बंगळूरला. गेल्या आषाढात स्वतःसाठी म्हणून एक जागा बघायला गेले, मुद्दाम रात्री साडेआठला. मॅनेजर जरा नाराजीनंच भेटले, पण आत घेतलं. खोल्या हवेशीर, बाथरूमला दांड्या, बेलची दोरी जमिनीपर्यंत सोडलेली. ती दोरी बघून मला आत्या आठवली. प्रश्न विचारला. "दोन अटेंडंट असतात रात्री, नेहमी," ते म्हणाले.

ते फोन घ्यायला बाहेर गेले. मावशी ताटं आवरत होती, तिला परत विचारलं.

"दोघी असतो ना, ताई. दुसरी सुट्टीवर गेलीय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."