आधी खूण, मग वाक्य

कर्णबधिर मुलाने इंग्रजीच्या वहीत ‘येस्टरडे रंकाळा आय गो’ लिहिलं, तर ती निव्वळ चूक नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेत, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत, साधारणपणे काळ आधी येतो, क्रियापद शेवटी. ‘टू रंकाळा’मधल्या ‘टू’ला वेगळी खूण नसते आणि ‘गो’चं ‘वेंट’ होत नाही. मूल हातांचा क्रम कागदावर उतरवतंय, एवढंच.

म्हणून थेट वही देऊ नका. मुलाला गोष्ट खुणांनी सांगू द्या, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. तो थांबवत थांबवत प्रत्येक खुणेची एक चिठ्ठी करा. मग चिठ्ठ्या इंग्रजीच्या क्रमाने लावा: आय, गो, रंकाळा, येस्टरडे. खुणेत नसलेले शब्द लाल चिठ्ठीवर. ‘गो’वर ‘वेंट’ चिकटवा. वहीत लिहिणं सगळ्यात शेवटी.

एका वेळी एकाच प्रकारची चूक तपासा. पान लालेलाल झालं की मूल पुढच्या वेळी तीनच शब्द लिहितं, तेही फळ्यावरचे.

बोटांनी स्पेलिंग पाठ करून घेण्यावर फार भिस्त नको. ‘मिसळ’ची अक्षरं बिनचूक दाखवणारं मूल ‘मिसळ तिखट होती’ लिहिताना अडतंच. आणि मराठीत ‘रंकाळा’चं ‘रंकाळ्यावर’ का होतं, हे कानावर न पडलेल्या मुलाला वेगळंच शिकवावं लागतं.