फॉरमॅट करू का म्हणे!

मागच्या आठवड्यात लाइन कमी-जास्त झाली आन् लॅपटॉप गेला. आज दारव्ह्याहून साटा-टू-यूएसबी केबल (सुटी डिस्क यूएसबीला जोडायची) आणली, मागचे स्क्रू खोलून अडीच इंची डिस्क काढली, भाच्याच्या कॉम्प्युटरला लावली. विंडोज विचारते, 'फॉरमॅट करू का?' म्हणजे सगळं पुसू का! पोटात गोळाच आला. नाही म्हटलं आन् पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) चालवलं. फोल्डर दिसले! सातबारा काय, ऑनलाइन पुन्हा निघतो. पण पोळ्यात तोरणाखाली बाबांनी म्हटलेल्या झडत्यांचा (पोळ्याच्या गाण्यांचा) व्हिडिओ तेवढाच एक. तोच पहिला कॉपी केला. आवाज ऐकून आई चुलीवरून उठून आली, हात पिठाचेच. "पुन्हा लाव बरं." चारदा लावला. बाकीची कॉपी सुरू आहे, आता लाइन जाऊ नये फक्त.